लहान मुलांतील अन्नाचे तीव्र वावडे व शिक्षकांचे कर्तव्य

मुलाला ठेच लागली तर काय करावे, विंचू चावला तर काय करावे, हे खेड्यातील शिक्षकास सांगावे लागत नाही. परंतु इतर सर्व मुलांनी आनंदाने खाल्लेले सकस अन्नच एखाद्या मुलाच्या जिवावर उठते, तेव्हा काय घडत आहे हेच पुष्कळदा आपल्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात येईपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो. यास्तव या विषयाची शिक्षकांच्या उपयोगी पडेल तेवढी माहिती येथे देत आहे.

प्रारंभी स्वतःचाच एक अनुभव सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका लहान गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गास शिकवीत होतो. संक्रांतीस मुलांना तिळाचे लाडू वाटले. एका मुलाने लाडू घेतला खरा, पण मूठ मिटून तो तसाच बसून राहिला. "आजच्या दिवशी नाही म्हणू नये," असा मी आग्रह केला आणि त्याने निम्मा लाडू खाल्ला. पाच-दहा मिनिटांत तो ओठ चोळू लागला. अंगावर लाल गाठी उठल्या. "पित्त उठले आहे," असे म्हणून कोणी आमसुले भिजत घातली आणि आम्ही ते पाणी त्याच्या अंगास लावीत बसलो. पुढे त्यास उलटी झाली, आवाज घोगरा झाला आणि तो एकाएकी मलूल होऊन पडला, तेव्हा कोठे आमची धावपळ सुरू झाली. सुदैवाने दूध नेणारी जीप समोर उभी होती, आरोग्य केंद्र जवळ होते आणि डॉक्टर जागेवर होते. मांडीत एक सुई टोचल्यावर काही मिनिटांत मुलाने डोळे उघडले. सायंकाळी त्याची आई म्हणाली, "गुरुजी, तिळाची चटणी खाल्ली की ह्याचं तोंड सुजतं. पण आमाला कुणी इचारलंच न्हाई." त्या मिटलेल्या मुठीचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

वावडे म्हणजे काय?

बोलण्यात आपण नावडीलाही 'वावडे' म्हणतो. येथे अभिप्रेत असलेले वावडे, म्हणजेच ॲलर्जी, हे लाडाचे किंवा खोडीचे लक्षण नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणा अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनास चुकून शत्रू मानते व त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवते. तेच अन्न पुन्हा पोटात गेले की हिस्टामीन आदी द्रव्ये एकदम सुटतात. त्यामुळे त्वचेवर गाठी उठतात, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात आणि रक्तदाब घसरतो. या सर्वांगव्यापी व प्राणघातक प्रतिक्रियेस 'ॲनाफायलॅक्सिस' म्हणतात. हे नाव १९०२ साली शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिले. विषाची पहिली मात्रा पचविलेले कुत्रे काही आठवड्यांनी त्याच विषाच्या अगदी अल्प मात्रेने दगावते, असे त्यांस आढळले होते. या संशोधनाबद्दल रिशे यांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यातून आपण एवढा बोध घ्यावा की, "आजवर तर काही झाले नव्हते" हा पुरावा नव्हे, आणि "एक घास खाल्ल्याने काय होते" हेही खरे नव्हे.

दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, गहू, सोयाबीन, मासळी, कोळंबी व खेकडे यांचे वावडे विशेषेकरून आढळते. हरभऱ्यासारख्या कडधान्यांचेही ते असू शकते. दूध व अंड्यांचे वावडे पुष्कळ मुलांत वयाबरोबर नाहीसे होते. शेंगदाण्याचे व मासळीचे बहुधा टिकून राहते. ज्या मुलास दमाही आहे, त्यास धोका अधिक.

कसे ओळखावे?

लक्षणे बहुधा खाल्ल्यानंतर काही मिनिटांत, व क्वचित दोन तासांपर्यंत, दिसू लागतात. ती चार ठिकाणी पाहावीत.

१. त्वचा : लाल गाठी, खाज, ओठ, पापण्या किंवा चेहरा सुजणे.
२. श्वास : घोगरा आवाज, सतत खोकला, छातीत घरघर, धाप, गिळताना त्रास, लाळ गळणे.
३. पोट : जोराची कळ, वारंवार उलट्या.
४. रक्ताभिसरण : चेहरा पांढराफटक पडणे, हातपाय गार होणे, ग्लानी, मूर्च्छा.

खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात यांपैकी दोन ठिकाणी लक्षणे दिसली, तर प्रसंग गंभीर समजावा. श्वास अडखळला किंवा मूल कोसळले, तर दुसऱ्या लक्षणाची वाटच पाहू नये. कित्येकदा त्वचेवर काहीही उमटत नाही. अंग स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे ठरते.

लहान मुलास आपली व्यथा नीट सांगता येत नाही. "जीभ चावते," "घशात काहीतरी अडकलंय," असे ते म्हणेल. जीभ बोटाने खरवडील, कान ओढील, किंवा खेळता खेळता एकाएकी गप्प होऊन बाईंना बिलगेल. अशा मुलास रडके ठरवू नये.

अन्नातून विषबाधा झाली असता सामान्यतः अनेक मुलांस एकाच सुमारास उलट्या-जुलाब होतात. वावड्यात त्याच पंगतीतील एकाच मुलास त्रास होतो व बाकीची खुशाल असतात. म्हणून "इतरांना तर काही झाले नाही" या समाधानात राहू नये.

तातडीने काय करावे?

या संकटावर खरे औषध एकच, ते म्हणजे ॲड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत टोचतात. ते वजनाच्या मानाने, दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम या प्रमाणात, दिले जाते आणि गरज पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देतात. ते टोचणे हे वैद्यकीय माणसाचे काम होय. मुलास ते औषध वेळेत मिळवून देणे हे आपले काम होय. सेटिरिझिनसारखी गोळी खाज कमी करते, प्राण वाचवीत नाही. आमसुलाच्या पाण्याने साध्या पित्ताची आग शमेल. आवळलेला श्वास मोकळा होणार नाही.

अशा प्रसंगी पुढील क्रम पाळावा :

१. खाणे थांबवून मुलास आडवे निजवावे व पाय किंचित उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर पाय पसरून बसू द्यावे. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवावे.
२. त्यास उभे करू नये, चालवू नये. एकाएकी उभे केल्याने रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत.
३. दुसऱ्या शिक्षकाने तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. "मुलास अन्नाची तीव्र ॲलर्जी झाली आहे, श्वास अडखळत आहे, ॲड्रेनॅलिन लागेल," असे स्पष्ट सांगावे. रुग्णवाहिकेस विलंब होणार असेल, तर मिळेल त्या चारचाकीतून, मुलास आडवे ठेवून, जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे आधी कळवावे.
४. घशात बोटे घालून ओकारी काढू नये. पाणी, दूध, काढा काहीही पाजू नये. अंगारा किंवा दृष्ट काढणे यांत वेळ दवडू नये.
५. श्वास बंद पडल्यास, प्रशिक्षण घेतलेल्याने छातीवर तीस दाब व तोंडाने दोन श्वास या क्रमाने मदत येईपर्यंत प्रयत्न चालू ठेवावा.
६. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले व लक्षणे केव्हा सुरू झाली, हे कागदावर लिहून सोबत द्यावे.

मूल सावरले म्हणून लगेच घरी नेऊ नये. काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात. डॉक्टर सांगतील तोवर त्यांच्या देखरेखीखाली ठेवावे, हे पालकांस समजावून सांगावे.

आधीच काय करावे?

दाखल करतेवेळी प्रत्येक पालकास विचारावे : "कोणता पदार्थ खाल्ल्यावर मुलाचे तोंड सुजते, अंगावर पित्त उठते, किंवा धाप लागते काय?" उत्तर हजेरीपटाच्या पहिल्या पानावर नोंदवावे, आणि शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या स्वयंपाकी-मदतनीसांस तोंडी सांगावे. खिचडीतील शेंगदाण्याचे कूट, चिक्की, तिळाची चटणी डोळ्यांस चटकन दिसत नाही. तेथे त्यांचीच जागरूकता कामास येते. त्या मुलाचे अन्न वेगळ्या पळीने, आधी वाढावे. हात साबण-पाण्याने धुवावेत. नुसत्या सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्या वेळी अशा मुलाचे नाव आवर्जून पुढे करावे. निदान तज्ज्ञांकरवी व्हावे. "खाऊन तर पाहा" अशी परीक्षा शाळेत कदापि घेऊ नये. तसेच आरोग्य केंद्रात आपण होऊन जाऊन ॲड्रेनॅलिन उपलब्ध आहे ना व दुपारच्या वेळी कोण असते, हे विचारून ठेवावे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एका मुलास वावडे आहे म्हणून सर्वांचे अंडे, दूध वा शेंगदाणे बंद करणे हा उपाय नव्हे. आपल्या बहुसंख्य मुलांस त्या पोषणाची फार गरज आहे. त्या एका मुलाची काळजी घ्यावी, पण त्यास पंगतीतून उठवून वेगळे बसवू नये.

पानात टाकू नये, ही शिकवण चांगलीच आहे. परंतु एखादे मूल ठरावीक पदार्थच वारंवार बाजूस सारीत असेल, तर आग्रहापूर्वी कारण विचारावे. पुढील केंद्र परिषदेपूर्वी प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाची वर सांगितलेली नोंद पूर्ण करून आणावी, अशी विनंती आहे. नोंदीस एक दुपार पुरेल.