वॉटर पंप अडकला? पहारीने उचकटू नका

सगळे बोल्ट काढले तरी डिझेल गाडीचा वॉटर पंप जागचा हलत नाही, हे गॅरेजमध्ये नेहमीचंच. बहुतेक वेळा कारण असतं रेडिएटरमधलं पाणी. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं खारं पाणी ओतलं की बिडाचा ब्लॉक गंजतो, अ‍ॅल्युमिनियमच्या पंपावर पांढरा क्षार चढतो आणि दोन्ही एकमेकांना धरून बसतात.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच पाणी सोडा, बेल्ट उतरवा. जोर लावण्याआधी बोल्ट पुन्हा मोजा. पुलीच्या आड एखादा हमखास राहिलेला असतो, आणि ओढाताणीत पंपाचा कान तुटतो. मग कडेने गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी लाकडी ठोकळा लावून चहूबाजूंनी हलके ठोके द्या. काही पंपांना आट्यांची रिकामी भोकं असतात; त्यात बोल्ट सारखे आवळत गेलं की पंप आपोआप सुटतो. फटीत स्क्रूड्रायव्हर मात्र घालू नका. बैठकीवर चरा पडला तर नवा पंपही गळतो.

पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर घरी हात लावूच नका. टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग खर्च पंपाच्या कितीतरी पट.