मराठवाड्याच्या पोरांचा पहिला सुपरहिरो ‘वेताळ’ होता. त्याचे जुने अंक आज वाचले तर काय दिसतं?

नांदेड किंवा लातूरमध्ये पन्नाशी-साठी ओलांडलेल्या एखाद्या वाचनवेड्या माणसाला विचारा, “वेताळ माहितीय का?” उत्तरं दोन येतात. एक म्हणजे गावाबाहेरचा भुताखेतांचा राजा, ज्याचं नाव घेऊन आजी जेवायला लावायची. दुसरा वेताळ अंगाला चिकटून बसलेल्या जांभळ्या कपड्यातला. डोळ्यांवर काळा मुखवटा, हातात कवटीची अंगठी, एक ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण कायमची.

हा दुसरा वेताळ म्हणजे ली फॉकचा ‘फँटम’. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून तो मराठीत आला. स्पायडरमॅन, आयर्नमॅन हे सगळे भिडू आपल्याकडे फार उशिरा पोचले. त्याआधी किमान दोन पिढ्यांसाठी सुपरहिरो म्हणजे वेताळच.

आता त्याचे जुने अंक पुन्हा शोधले जातायत. कपाटाच्या तळातून, माळ्यावरच्या पेटीतून एखादा फाटका अंक निघतो आणि त्याच्या कव्हरचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो. खाली सगळ्या काका-मामांच्या कमेंटी, “आहाहा, काय दिवस होते!” पण दिवस सोडा, अंक कसे होते? आज वाचले तर टिकतात का?

आधी थोडा इतिहास

फँटमची पहिली पट्टी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात १७ फेब्रुवारी १९३६ ला छापून आली. सुपरमॅन आला १९३८ मध्ये. म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख, मुखवटा, मुखवट्यामागे बुबुळं न दिसणारे डोळे हा जो सुपरहिरोचा युनिफॉर्म आपण धरून चालतो, तो फँटमने सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी घातला होता. गंमत म्हणजे त्याच्याकडे एकही ‘पॉवर’ नाही. तो उडत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. त्याची खरी ताकद एका अफवेत आहे, हा माणूस मरत नाही या. प्रत्यक्षात बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. १५३६ पासून चालत आलेली ही गादी, आणि आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं चारशे वर्षं एकच माणूस फिरतोय.

भारतात टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. पहिला अंक होता वेताळच्या पट्ट्याचा. मेलेल्या बापाचा कमरेचा पट्टा शत्रूच्या हातात आहे आणि मुलगा तो शोधत निघतो, अशी कथा. पहिले ३२ अंक फक्त वेताळचे होते. मग जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी येत गेली. आधी महिन्याला एक अंक, नंतर पंधरवड्याला, १९८० च्या दशकात तर दर आठवड्याला. १९९० मध्ये मालिका बंद पडली तोवर ८०० च्या वर अंक निघाले होते. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांत.

‘अमर चित्र कथा’ काढणारे अनंत पै हेही आधी याच इंद्रजालमध्ये काम करत होते. १९६७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मराठवाड्यात याचं वजन वेगळं का होतं?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कामकाज आणि वरचं शिक्षण उर्दूतून. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी आजोबांची सही उर्दूत असायची. त्यांच्या घरातली १९६० च्या दशकात शाळेत जाणारी मुलं ही मराठी शाळा आणि मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी सहज मिळालेल्या सुरुवातीच्या पिढ्यांपैकी. त्यात पुस्तकांची मोठी दुकानं पुण्या-मुंबईला. इकडे नांदेडला मनमाड-काचीगुडा मीटरगेजची गाडी, लातूरला तर कुर्डुवाडीहून येणारी बार्शी लाइनची अरुंद रेल्वे. शाळेच्या पुस्तकाबाहेरचं, रंगीत, आणि मुलाच्या खिशाला परवडेल असं मराठी वाचन फार थोडं होतं. ‘चांदोबा’ होता, १९७१ पासून बालभारतीचा ‘किशोर’ आला, आणि हे इंद्रजाल होतं.

शिवाय हैदराबादी वारशामुळे इथल्या मुलांना हिंदी-उर्दू परकी नव्हती. मराठी अंक नाही मिळाला तर हिंदी चालायचा. म्हणूनच पुढे १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा ‘नागराज’ आला आणि १९८७ मध्ये ‘सुपर कमांडो ध्रुव’, तेव्हा ते हिंदीत असूनही इथे सहज रुळले. अर्धा दिवस हिंदीत भांडणाऱ्या पोरांना हिंदी कॉमिक्सचं कसलं ओझं!

जाता जाता. नागराजचा सुरुवातीचा चेहरा घडवणारे चित्रकार प्रताप मुळीक पुण्याचे. ‘अमर चित्र कथा’चे कित्येक अंक आणि १९८० च्या दशकात अमिताभ बच्चनला ‘सुप्रीमो’ बनवणारी कॉमिक्स, हेही त्यांचंच काम. नागराज हिंदी बोलत होता, पण त्याचे स्नायू मराठी हाताने काढलेले होते.

पुन्हा वाचताना पहिली गोष्ट खटकते ती कथेची चाल

वेताळचा अंक आज हातात घेतला की वाटतं, हा लेखक सारखं तेच तेच का सांगतोय? दर तीन-चार चौकटींनंतर कुणीतरी आधीची गोष्ट पुन्हा बोलून दाखवतो. लगेच पुढे एक धक्का. मग पुन्हा आठवण, पुन्हा धक्का.

याचं कारण साधं आहे. या कथा मुळात पुस्तकासाठी लिहिलेल्याच नव्हत्या. त्या वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींची एक पट्टी अशा छापून यायच्या. पहिल्या चौकटीत कालची आठवण, शेवटच्या चौकटीत उद्यासाठी उत्सुकता. इंद्रजालने त्या पट्ट्या कापून, एकाखाली एक लावून पानं केली. पानं ठरलेली असल्यामुळे काही चौकटी कापल्या गेल्या, काही गाळल्या. म्हणून मध्येच एखादा माणूस अचानक बोटीतून जंगलात पोचलेला दिसतो. लहानपणी आपण ते वेगात वाचून टाकायचो, आता तिथेच अडखळतो. आजच्या रील्सची आणि डेली सोपची रचना बघा, फार वेगळी नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची. संवादाचे फुगे इंग्रजी अक्षरांच्या मापाने काढलेले. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे एक ओळ जास्त उंची खाते. त्याच फुग्यात मराठी बसवायचं तर वाक्य छोटं करण्याशिवाय इलाज नाही. वेताळ इतका तुटक, ठसक्यात बोलतो त्यात त्याच्या स्वभावाइतकाच फुग्याच्या मापाचाही हात असणार. पण हे करणाऱ्या भाषांतरकारांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. एका पिढीने ज्यांची मराठी शेकडो पानं वाचली, ती माणसं कोण हे वाचकाला माहीत नाही. ही या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे.

मग ते ‘डेंकाली’ प्रकरण

मूळ कथेत वेताळचं जंगल सुरुवातीला आशियात, भारताच्या आसपास कुठेतरी होतं. चाचे होते ‘सिंग’ नावाच्या टोळीचे आणि वेताळच्या बापाला मारणाऱ्याचं नाव होतं राम. देशाचं नाव पुढे ‘बंगाला’ झालं आणि कथा हळूहळू आफ्रिकेत सरकली.

आता ही नावं भारतात जशीच्या तशी छापली असती तर काय झालं असतं, हे सांगायला नको. इंद्रजालने शांतपणे बदल केले. बंगालाचं झालं डेंकाली, सिंगचं ‘सिंगा’ आणि रामचं ‘रामालू’. ना निवेदन, ना वाद. आज जुने अंक आणि मूळ पट्ट्या शेजारी ठेवून वाचणाऱ्यांना हा सगळ्यात मजेशीर भाग वाटतो.

पण नावं बदलून मूळ प्रश्न सुटत नाही. जंगलात शेकडो लोक आहेत, त्यांच्या पिढ्या तिथे राहतायत, आणि न्याय करायला मात्र बाहेरून आलेल्या गोऱ्या माणसाचाच वंशज लागतो. तोही सिंहासनावर बसून. मँड्रेकचा साथीदार लोथार तर आफ्रिकेतल्या राज्याचा राजपुत्र, जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, आणि सुरुवातीच्या वर्षांत बिबट्याचं कातडं गुंडाळून मोडकं तोडकं बोलत नोकरासारखा उभा. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आले तेव्हा कुठे त्याला धड कपडे आणि धड वाक्यं मिळाली. फॉकनेही पुढे वेताळच्या देशात निवडून आलेला आफ्रिकी राष्ट्राध्यक्ष आणला. म्हणजे लेखकालाही ते खटकत होतंच.

तरीही वाचक फक्त लेखकाचं ऐकत नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात लोकांनी आपल्या लढाईच्या ढालींवर फँटमचं चित्र रंगवलं. गोऱ्याचा हिरो म्हणून नव्हे, मरत नाही तो म्हणून. आपल्याकडेही तेच. ‘वेताळ’ हे नाव मिळालं आणि तो गावकुसाबाहेरचा राखणदार होऊन बसला. नावाची निवड ज्याने केली त्याला दाद द्यावी लागते.

आणि मग बहादूर

डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालने आपला स्वतःचा हिरो आणला. लेखक आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर हा डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला मारलं तोच या मुलाला वाढवतो. मुलगा मोठा होऊन गावातल्या लोकांचं सुरक्षा दल उभं करतो. पोशाख काय, तर भगवा कुर्ता आणि जीन्स. मुखवटा नाही. सोबत बेला, जी नुसती प्रेयसी नाही, स्वतः मारामारीत तरबेज.

आज परत वाचायचं असेल तर सुरुवात बहादूरपासून करावी. वेताळमध्ये गाव वाट बघतं, कुणीतरी येऊन वाचवेल म्हणून. बहादूरमध्ये गाव स्वतः काठी घेऊन उभं राहतं. आणीबाणीच्या काळात सुरू झालेल्या कॉमिकमध्ये लोक स्वतःचं रक्षण स्वतः करतात, ही साधी गोष्ट नव्हे. चित्रं वेताळइतकी सफाईदार नाहीत, काही कथा पळवलेल्या वाटतात, पण उन्हात वाळलेली ती गावं ओळखीची वाटतात.

याच सुमारास, १९७९ मध्ये, ‘अमर चित्र कथा’ने ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंक काढला. चित्रं दिलीप कदम यांची. त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि नांदेड-परभणीकडे दलित वस्त्या जळाल्या होत्या. तो अंक सुपरहिरोचा नाही, पण त्या काळच्या कॉमिक्सच्या ढिगातून आज मराठवाड्यात काय वाचावं असं कुणी विचारलं, तर तो वगळून चालणार नाही. डेंकालीतला अन्याय एका ठोशात संपायचा.

आता हे अंक मिळतात कुठे?

खरी अडचण इथे आहे. इंद्रजाल स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापलं जायचं. त्या कागदातलं लाकडाचं द्रव्य उजेड आणि हवेने पिवळं पडतं, मग कडा कुरकुरीत होऊन तुटतात. मधल्या पिना गंजतात. उरलंसुरलं कसर खाते. त्यातून जे वाचलं ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलं.

वाचनालयांनी जपलं असेल म्हणावं, तर कॉमिक्सना तिथे पुस्तक मानायचीच पद्धत नव्हती. फाटलं की निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी पुस्तकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना द्यायच्या असतात, १९५६ पासून नियतकालिकांच्याही. पण नांदेडच्या माणसाने एका वेताळसाठी कोलकाता गाठायचं का?

इंटरनेटवर सहज सापडणारे स्कॅन बहुतेक इंग्रजी, हिंदी आणि बंगाली. मराठी त्यामानाने विरळ. आणि त्यातही हक्कांचा मुद्दा आहे. ली फॉक १९९९ मध्ये वारले, फँटमचे हक्क अजूनही किंग फीचर्सकडे आहेत. त्यामुळे स्कॅन करून वाटणं हे प्रेमाचं काम असलं तरी कायदेशीर नाही.

तमिळमध्ये चित्र वेगळं आहे. शिवकाशीचे लायन-मुथू कॉमिक्स रीतसर हक्क घेऊन परदेशी कॉमिक्स तमिळमध्ये आजही काढतात, जुन्या अंकांच्या नव्या आवृत्त्याही. घेणारे कोण, तर लहानपणी ती वाचलेले चाळिशी-पन्नाशीचे वाचक. मराठीत असा वाचक नाही असं म्हणता येत नाही, फॅमिली ग्रुपवरच्या त्या “आहाहा” कमेंटी आहेतच. त्याला विकत घ्यायला काही छापलेलं नाही, एवढंच.

तोवर घरात एखादा अंक सापडलाच तर सेलोटेप लावू नका, काही वर्षांत त्याचा डिंक कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर नकोच. गंजलेली पिन हळूच काढा, अंक आडवा, सपाट ठेवा, उजेड आणि ओलीपासून लांब. आणि रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी मराठी अंक कोणते आहेत ते बघून त्यांचे क्रमांक आणि तारखा लिहून ठेवा. लातूरच्या ट्यूशन एरियात जुन्या नीटच्या गाइडला गिऱ्हाईक लगेच मिळतं. वेताळचा मराठी अंक मात्र एकदा वजनकाट्यावर गेला की गेला.