सुरीची शैली ठरते मुठीवर आणि म्यानावर

हाताने घडवलेल्या, गिऱ्हाइकाच्या मागणीवरून बनवलेल्या सुरीचा विषय निघाला की बोलणे पोलादापाशीच रेंगाळते. कार्बन किती, पाणी कसे दिले, धार किती टिकते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांनी एक कोडे सुटत नाही. म्यानात बसलेल्या दोन सुऱ्या समोर ठेवल्या तर त्यातली एक फिनलंडची आणि दुसरी अमेरिकेची, हे जाणकार पाते न पाहताच सांगतो. तो ओळखतो ती मूठ आणि म्यान. बहुतेकांना वाटते की पाते म्हणजे सुरी आणि बाकी सारा तिचा साज. लाकूड, शिंग, चामडे, प्लास्टिक हे शेवटी आवडीनुसार चढवायचे. या लेखाचे म्हणणे नेमके उलटे आहे. मुठीचे आणि म्यानाचे द्रव्य स्वतःच्या अटी घालते, आणि पात्याची मुठीत जाणारी शेपटी किती रुंद असावी, मुठीपुढे आडवी पट्टी असावी की नसावी, सुरी कमरेला कशी लटकावी, हे सारे त्या अटींतून ठरत जाते. ज्याला आपण शैली म्हणतो ती बऱ्याच अंशी या अटींना कारागिराने दिलेली उत्तरे असतात.

फिनलंडच्या पुक्को या सुरीत हे फार स्वच्छ दिसते. पुक्कोचे पाते साधे, साधारण हाताच्या पंजाएवढे, पाठ सरळ. तिची ओळख मात्र मुठीत आहे. भूर्जाच्या सालीचे छोटे चौकोनी तुकडे एकावर एक ओवायचे, दाबून घट्ट बसवायचे आणि मग तासून आकार द्यायचा, ही तिथली एक जुनी रीत. साल हलकी असते, पाणी सहज शोषत नाही, ओल्या हातातून निसटत नाही. पण सुटे तुकडे ओवायचे तर पात्याची शेपटी बारीक हवी, ती मुठीच्या आरपार जायला हवी आणि मागच्या टोकाला ठोकून पक्की करायला हवी. दोन बाजूंना दोन पट्ट्या लावून रिव्हेट मारण्याची रीत सालीला चालतच नाही. म्हणजे पात्याच्या या भागाची रचना सालीने ठरवली. उत्तरेकडच्या थंडीचाही इथे संबंध आहे. उणे वीस-तीस अंशांत उघड्या लोखंडाला बोट लागले तर कातडी चिकटते. शेपटी आत झाकलेली असल्याने हाताला फक्त साल किंवा लाकूड लागते.

म्यानाने पुढचे ठरवले. पुक्कोचे म्यान चामड्याचे, आत पात्यापुरता लाकडी साचा, आणि सुरी त्यात अर्ध्याहून अधिक मुठीसकट खोल उतरते. ओले चामडे सुरीभोवती ताणून वाळवले की ते मुठीला आवळून बसते. बटण नाही, पट्टा नाही, घर्षणावरच सगळे भागते. अशा म्यानात शिरायचे तर मुठीपुढे आडवे गार्ड चालणार नाही, कारण ते म्यानाच्या तोंडाशीच अडेल. म्हणून पुक्कोला गार्ड नसते, आणि हात पात्यावर घसरू नये याची काळजी मुठीचा फुगवटा आणि वापरणाऱ्याची सवय घेते. ‘गार्ड नाही’ हे पुक्कोचे लक्षण म्हणून प्रत्येक पुस्तकात सांगितले जाते, पण त्यामागे म्यानाची घडण आहे हे क्वचितच सांगितले जाते. कौहावा गावी ईसाक्की यार्वेनपा यांनी 1879 साली सुरू केलेल्या कारखान्याने याच ठेवणीला पितळेचे घोड्याचे डोके जोडले. तो अलंकारही मुठीच्या मागच्या टोकालाच बसला, कारण म्यानाबाहेर दिसणारी जागा तेवढीच होती.

आणखी उत्तरेला सामी लोकांकडे गेले की पात्याचे काम तेच राहते, पण सुरीचे रूप बदलते, कारण तिथे हाताशी रेनडियरचे शिंग आहे. म्यानाचा खालचा अर्धा भाग शिंगाचा आणि वरचा चामड्याचा. शिंग मुळातच वाकडे, म्हणून म्यानाचे टोकही वळलेले. शिंगावर कोरून काळा रंग भरता येतो, म्हणून नक्षी तिथे आली. दक्षिणेकडच्या सामी कारागिरांची नक्षी भूमितीय, उत्तरेकडच्यांची पानाफुलांकडे झुकणारी. सालीवर अशी बारीक रेघ उमटत नाही आणि उमटली तरी टिकत नाही. सामी सुरीची नक्षी ही त्यांच्या संस्कृतीची देणगी आहे हे कोण नाकारेल, पण ती देणगी उमटायला कठीण आणि गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, आणि तो शिंगाने पुरवला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फिनिश रचनाकार तापिओ विर्कालाने 1961 मध्ये हाकमान कंपनीसाठी पुक्कोची रचना केली, तिची मूठ काळ्या नायलॉनची. साल गेली, भूर्ज गेला, तरी ती बघताक्षणी पुक्को वाटते. द्रव्य बदलूनही शैली टिकली, तर द्रव्याने शैली ठरवली असे कसे म्हणायचे? याचे उत्तर म्यानात आहे. विर्कालाने मूठ बदलली, म्यान चामड्याचेच ठेवले, आणि मुठीने आपला आकार त्या जुन्या जोडीदाराबरोबर राखला. पण आक्षेपातला एक भाग मान्यच करायला हवा. द्रव्याने जन्माला घातलेला आकार एकदा डोळ्यात आणि हातात मुरला की त्याला स्वतःचे आयुष्य मिळते. मूळ कारण गेल्यावरही काही पिढ्या तो चालू राहतो. म्हणून शैलीचा उगम आणि शैलीचे टिकणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि इथला दावा पहिल्याबद्दल आहे.

अमेरिकेत कस्टम सुरीची परंपरा पाहिली तर हा उगम जवळजवळ तारखांनिशी दाखवता येतो. मिशिगनचा विल्यम स्कॅगेल मुठीत चामड्याच्या चकत्या ओवायचा, मध्ये रंगीत फायबरच्या पातळ चकत्या घालायचा आणि शेवटी हरणाच्या शिंगाचा बुंध्याकडचा फुगीर तुकडा बसवायचा. फ्लोरिडातल्या बो रँडलने स्कॅगेलची एक सुरी पाहिली आणि 1937 च्या सुमारास स्वतः घडवायला सुरुवात केली. चामड्याच्या चकत्यांची मागणी भूर्जाच्या सालीसारखीच. आरपार जाणारी बारीक शेपटी हवी, आणि चकत्या दाबून धरायला पुढे एक धातूची पट्टी नि मागे एक टोपी हवी. पुढची पट्टी थोडी बाहेर काढली की गार्ड तयार. 1942 साली अमेरिकी मरीन दलाने घेतलेल्या, पुढे का-बार नावाने प्रसिद्ध झालेल्या सुरीत हाच सांगाडा आहे. लढाईच्या सुरीला गार्ड तसेही हवेच असते, हे खरे. पण शिकारीच्या नि छावणीच्या सुऱ्यांतही ते इतके सर्रास दिसते, त्याला चकत्या आवळण्याची गरज हे एक कारण आहे.

मग मायकार्टा आले. कापड किंवा कागद फिनॉलिक राळेत भिजवून, उष्णतेखाली दाबून बनवलेले हे द्रव्य वेस्टिंगहाउस कंपनीने 1910 मध्ये विजेच्या रोधक कामासाठी काढले. ते सपाट तक्त्यांत मिळते, पाण्याने फुगत नाही, तडकत नाही. सपाट तक्ता आला की ओवण्याची गरज संपते. दोन तुकडे कापायचे, मुठीच्याच आकाराच्या रुंद शेपटीला दोन्हीकडून चिकटवायचे आणि बोल्टने आवळायचे. बॉब लव्हलेस (1929–2010) या कॅलिफोर्नियाच्या कारागिराने ही रचना इतकी परिपूर्ण केली की आजही जगभरचे सुरीकार तिची नक्कल करतात. रुंद शेपटीने सुरी मागे जड होते, म्हणून तो शेपटी मागे मागे निमुळती करत नेई. हिरवा मायकार्टा आणि त्याखाली लाल पातळ अस्तराची रेघ ही त्याची खूण झाली. ती रेघ दिसते कारण शेपटी, अस्तर आणि पट्टी यांच्या कडा उघड्या आहेत. चामड्याच्या चकत्यांच्या मुठीत अशी रेघ संभवतच नाही. आणि त्याचे म्यान? खोल चामडी खिसा, मुठीचा बराच भाग आत. म्हणून गार्ड छोटे, फक्त खालच्या बाजूला. हेलसिंकीपासून इतक्या दूर, वेगळ्या द्रव्यात, पण खोल म्यानाने तीच अट घातली.

चामड्याच्या म्यानाबद्दल इथे थोडे थांबायला हवे, कारण खरेदी करताना त्याच्याकडेच सर्वांत कमी पाहिले जाते. चांगले म्यान झाडाच्या सालीच्या अर्काने कमावलेल्या चामड्याचे असते. क्रोमने कमावलेले चामडे मऊ असले तरी त्यातले क्षार पोलादाला आणि पितळेला खातात. शिवणीच्या आत चामड्याची एक जादा पट्टी घातलेली असते, ती नसेल तर धार टाके कापते. आणि तरीही चामडे ओल धरतेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या एम-3 सुरीला आधी चामड्याचे म्यान होते, पुढे एम-8 हे कडक कृत्रिम म्यान आले, मूठ मात्र काही काळ चामड्याचीच राहिली. त्यानंतर 1960 च्या दशकात विमानांच्या आतल्या भागासाठी निघालेले कायडेक्स हे प्लास्टिक सुरीकारांनी उचलले. ते गरम करून सुरीवर दाबले की तिचा आकार जसाच्या तसा घेते आणि सुरी खटकन अडकते. त्या खटक्याला पकडायला काहीतरी उंचवटा लागतो, गार्ड किंवा बोटाची खाच. म्हणून कायडेक्सच्या काळात गार्ड आणि खाचा परतल्या, मूठ पूर्ण बाहेर आली, सुरी कमरेला आडवी किंवा उलटी, टोक वर करून टांगता येऊ लागली. गुळगुळीत, फुगीर पुक्को कायडेक्समध्ये नीट अडकत नाही. तिला बदलावे लागते, नाहीतर चामड्यातच राहावे लागते.

दुसरा आक्षेप कामाचा. शैली वापरातून येते, द्रव्य केवळ साधन, असे म्हणणारे चुकत नाहीत, पण अर्धेच सांगतात. लाकूड तासणे, मासा साफ करणे, जनावर सोलणे ही कामे जगभर सारखी असूनही सुऱ्या सारख्या होत नाहीत. काम पात्याची लांबी आणि धारेचा कोन ठरवते, सुरी कशी धरायची नि कशी बाळगायची हे द्रव्य ठरवते. याची पडताळणी आपल्याजवळच करता येते. कोकणात कोयती कमरेच्या लाकडी आकडीत उघडीच अडकवतात, आणि कुर्गचे कोडवा लोक आपली रुंद ओडिकत्ती पाठीमागे तोडंग या पितळी अडकणीत उघडीच बाळगतात. पाते वळलेले नि रुंद असल्याने ते बंद म्यानात सरळ उतरत नाही. पण उलटही तितकेच खरे आहे. आकडीसारखी उघडी सोय असल्यामुळेच पाते मनमोकळे वळू शकले. म्यान नसणे हीसुद्धा एक अट आहे, आणि तिचाही आकारावर ठसा आहे.

या साऱ्यात भारताचा वाटा सांबराच्या शिंगातून आला. सांबराचे शिंग इतर बहुतेक हरणांपेक्षा भरीव, आत मऊ गाभा कमी, बाहेर खोल खडबडीत रेषा. शेफिल्डचे आणि अमेरिकेचे सुरीकार ते भारतातून मागवत. त्यातून जाड, मजबूत सपाट पट्ट्या निघत, म्हणून शिंगाच्या पट्ट्या रिव्हेट केलेली सुरी ही इंग्लंड-अमेरिकेत इतकी रुळली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस भारताने या शिंगांच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि ती योग्यच होती, कारण गळून पडलेले शिंग कोणते आणि मारलेल्या प्राण्याचे कोणते हे वखारीतल्या ढिगात ओळखता येत नाही. त्यानंतर जुना साठा महाग झाला. युरोपच्या लाल हरणाचे आणि अमेरिकेच्या एल्कचे शिंग वापरात आले, पण त्यांचा गाभा सच्छिद्र. पट्टी कापली तर पोकळी उघडी पडते, राळ भरावी लागते. म्हणून अनेकांनी शिंग अख्खे ठेवून त्यात बारीक शेपटी बसवण्याची जुनी रीत पुन्हा धरली, आणि ज्यांना पट्ट्याच हव्या होत्या ते मायकार्टाकडे किंवा निर्वातात राळ मुरवलेल्या लाकडाकडे वळले.