गाडीच्या दाराची काच फुटली : विम्याचा दावा करावा का?

रात्री उभ्या केलेल्या गाडीच्या दाराची काच सकाळी फुटलेली दिसली, की पहिला विचार येतो, "विमा आहे ना!" पण दावा करण्यापूर्वी थोडा हिशेब करा.

आधी पॉलिसी पाहा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विम्यात मिळतात आणि काचेवर घसाराही कापला जात नाही. मात्र १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी प्रत्येक दाव्यातले पहिले १,००० रुपये तुम्हालाच भरावे लागतात.

समजा, काच आणि मजुरी मिळून ३,००० रुपये खर्च आला. कंपनी देईल २,०००. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा तुमचा हप्ता ८,००० रुपये आहे. तीन वर्षे दावा न केल्यास नूतनीकरणाच्या वेळी ३५ टक्के 'नो क्लेम बोनस', म्हणजे २,८०० रुपयांची सूट मिळते. दावा केलात, की ती शून्यावर येते. म्हणजे २,००० मिळवण्यासाठी २,८०० घालवले! शिवाय पुढच्या वर्षी सूट पुन्हा २० टक्क्यांपासून सुरू होते.

बोनस सुरक्षित ठेवणारे जोडकलम घेतले असेल, किंवा नुकसान मोठे असेल, तर दावा जरूर करा. मात्र दुरुस्तीपूर्वी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

लहान खर्चासाठी दरमहा २०० रुपये बाजूला टाका. वर्षाला २,४०० रुपये जमतील.