किल्ला बाहेर, टाक्या आत

कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात दारिओ सत्तुई यांनी २००७ मध्ये वाइनरी उघडली ती चक्क किल्ल्यात. तेराव्या शतकातल्या टस्कनीचा थाट, १०७ खोल्या, खंदक, उचलता पूल आणि तळघरात कैद्यांच्या छळाची खोलीसुद्धा! हौसेला मोल नाही ते असं. नाशिकला पेठ रस्त्यावर अस्सल किल्ला उभा आहे. रामशेजने १६८२ पासून मोगलांच्या वेढ्याला वर्षानुवर्षं दाद दिली नाही. त्याच्या पायथ्याच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागाच बागा. वाइन मात्र शेडमधल्या स्टीलच्या टाक्यांत तयार होते.

यात कमीपणा काहीच नाही. युरोपातल्या जाड दगडी भिंती नि तळघरं शोभेसाठी नव्हती. पिंपांना बारमाही गारवा लागे. नाशिकच्या उन्हाळ्यात तो विजेवर विकत घ्यावा लागतो. तरीही स्टॅनफर्डला शिकलेले राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून इथे आले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. मदतीला कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की. आई सुलभा यांच्या नावावरून ठेवलेल्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि इतरांनाही हुरूप आला.

वाइनरीत गेल्यावर टाकीपाशी जरा थांबावं. तिला दुहेरी भिंत असते आणि मधून थंड द्रव खेळवलेला असतो. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, तेव्हा रस आपोआप तापतो. व्हाइट वाइनचा रस साधारण बारा ते सोळा अंशांवर आवरून धरला नाही, तर फळाचा वास उडून जातो. रेडची तऱ्हा वेगळी. तिथे रंग सालीतून येतो, म्हणून सालीसकट आंबवतात. साली वर तरंगून जाड थर धरतात आणि खालचा रस पंपाने पुन्हापुन्हा त्यावर सोडावा लागतो.

बागेतलं कसब मात्र इथलंच. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपतो. इथला झोपतच नाही, म्हणून कात्री दोनदा चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळ छाटणी. तोडणी येते जानेवारी ते मार्चमध्ये, रात्री गार असताना. खायच्या द्राक्षाला मण्याचा आकार नि चकाकी लागते. वाइनचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा. मंडईत कुणी ढुंकून पाहणार नाही. इथे ‘ब्रिक्स किती?’ याला महत्त्व, म्हणजे साखर किती उतरली. आंबटपणाही तितकाच तपासला जातो.

सुलाने २००५ मध्ये चव घेण्याची खोली उघडली आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या येऊ लागल्या. बहुतेकांना मावळतीला ग्लास धरून फोटो हवा असतो. टाक्यांकडे फारसं कुणी वळत नाही. जायचंच तर फेब्रुवारीत, सकाळी. क्रेट उतरत असतात, देठ वेगळे करणारं यंत्र खडखडत असतं. मे महिन्यात गेलात, तर वेलीवर नुसती पानं आणि हातात बिल.