राणीछाप रुपयाची किंमत मोबाईलला कळते का?

बेळगाव : लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवलेले राणीछाप रुपये पूजा आटोपली की पुन्हा बटव्यात जातात. अलीकडे मात्र बटवा बांधण्याआधी घरातलं कॉलेजला जाणारं पोर मोबाईल काढतं, नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो घेतं आणि स्क्रीनवर आकडा येतो. कधी हजारात, कधी लाखात. लगेच घरात वाटणीपर्यंत चर्चा पोहोचते. हा आकडा आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

कॉइनोस्कोप, कॉइनस्नॅप यांसारखी अ‍ॅप आपण काढलेला फोटो त्यांच्याकडच्या फोटोंशी ताडून पाहतात आणि जुळणारं नाणं दाखवतात. नाणं कोणत्या देशाचं, कोणत्या राजवटीचं, हे शोधायला ती खरोखर उपयोगी आहेत. ‘न्युमिस्टा’ हा संग्राहकांनी मिळून उभारलेला ऑनलाइन कॅटलॉग आहे. तिथे वजन, धातू, व्यास अशी माहिती मिळते आणि आपल्याकडची नाणी नोंदवूनही ठेवता येतात.

अडचण येते ती आपल्या भागातल्या नाण्यांची. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या रुपयावर १९५२ आकडा दिसला म्हणून तो स्वातंत्र्यानंतरचा ठरत नाही. तो विक्रम संवत आहे. त्यातून ५७ वजा केले की १८९५ येतं. हैदराबादच्या चारमिनार छापाच्या रुपयावर हिजरी सन असतो आणि तोही उर्दू आकड्यांत. त्यावरचं १३३० म्हणजे इसवी सन १९११-१२. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या नाण्यांवरही संवत सापडतो. गोव्याच्या जुन्या रुपयावर ‘इंडिया पोर्तुगेझा’ आणि ‘उमा रुपिया’ अशी अक्षरं असतात. नुसतं ‘इंडिया’ वाचून त्याला ब्रिटिशांच्या खात्यात टाकायचं नाही. गोव्यात १९५८ सालचे एस्कुदोही घरोघरी सापडतात. तेव्हा अ‍ॅपने उत्तर दिलं तरी सन आणि राज्य आपण स्वतः वाचून तपासावं.

शिवराईच्या बाबतीत तर मोबाईल जवळपास हात टेकतो. हाताने ठोकलेलं तांब्याचं नाणं, दोन शिवराया एकसारख्या नसतात, अर्धी अक्षरं पत्र्याबाहेर गेलेली. त्यात ‘श्री राजा शिव’ हा मजकूर महाराजांच्या नंतरही पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला. दुदांडी शिवराई ही त्यातली पुढच्या काळातली. त्यामुळे अक्षरं जुळली म्हणजे नाणं थेट राज्याभिषेकाच्या काळातलं, असं समजणं चुकीचं. इथे जाणकाराला दाखवण्याशिवाय इलाज नाही.

आता किमतीकडे. एखादा दहा हजार मागतो म्हणून वस्तू दहा हजारांची होत नाही, गिऱ्हाईकाने मोजले ते खरे. अ‍ॅपमधला आकडा पुष्कळदा विक्रेत्यांनी मागितलेल्या किमतीच्या आसपास घोटाळतो आणि तोही उत्तम स्थितीतल्या नाण्याचा असू शकतो. आपलं नाणं झिजलेलं, त्याला दागिन्यासाठी कडी लावून काढलेली, हे फोटोत दिसेलच असं नाही. म्हणून मुंबई, अहमदाबाद, बंगळूरू इथल्या लिलावगृहांच्या जुन्या लिलावांचे प्रत्यक्ष विक्रीचे भाव पाहावेत. ते त्यांच्या वेबसाइटवर मिळतात.

चांदीच्या रुपयाला एक तळाची किंमत मात्र घरबसल्या काढता येते. व्हिक्टोरिया ते पंचम जॉर्ज यांच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणायचं. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, ५.८३ ग्रॅम. आणि १९४७ चा रुपया चक्क निकेलचा. लोहचुंबक लावला की चिकटतो. आजीने चांदीचा म्हणून जपलेला रुपया असा निघाला की घरात जरा शांतता पसरते. त्यामुळे वजनकाटा आधी, अ‍ॅप नंतर. सराफ फक्त वितळवण्याचा भाव सांगत असेल तर नाणं दुर्मीळ नाही याची खात्री करूनच द्यावं.

दुर्मीळपणा बारीक खुणांत लपलेला असतो. १८६२ सन असलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले गेले. त्यांची खरी ओळख सनाजवळच्या ठिपक्यांवरून पटते. १९३९ चा चांदीचा रुपया अतिशय दुर्मीळ, म्हणूनच १९३८ चा शेवटचा आकडा कोरून केलेले बनावटही बाजारात आहेत. आजच्या नाण्यांत सनाखाली चौकट असेल तर मुंबई टाकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. फोटो काढताना दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढावा, नाहीतर या खुणा चमकेत बुडतात. फोटो चांगला यावा म्हणून चिंच-मीठ लावून नाणं घासणं म्हणजे स्वतःच्या हाताने किंमत उतरवणं.

नोंदवही मात्र अ‍ॅपमध्ये जरूर करावी. दुकानातलं स्टॉक रजिस्टर असतं तशी : नाणं, सन, टाकसाळ, वजन, कुणाकडून आलं, कितीला घेतलं, कुठे ठेवलं. बाजारभाव वेगळ्या रकान्यात, तारखेसह. त्याची एक्सेल प्रत उतरवून घ्यावी, कारण अ‍ॅप बंद पडलं तर नोंदीही जातात. काही अ‍ॅप चार दिवस फुकट देऊन पुढे वर्षाचे पैसे आपोआप कापतात. नको असेल तर प्ले स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन वेळेत रद्द करावं. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने ते थांबत नाही.

सगळ्यात मोठा धोका अ‍ॅपच्या बाहेर आहे. ट्रॅक्टरवाली पाचची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, ‘लाखो मिळवा’ अशा जाहिराती बघून कुणी फोटो पाठवतो. समोरचा लगेच सौदा पक्का करतो आणि मग आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं कमिशन मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि कोणतंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागण्याची शक्यता कमी.

शेतात नांगरताना मडकं सापडलं असेल तर त्याचे फोटो कुठल्याही अ‍ॅपवर टाकण्याआधी तहसील कार्यालय गाठावं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या गिऱ्हाईकाला पाठवायलाही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, मग अ‍ॅपमधला डॉलरचा आकडा कितीही मोठा असो.