तीन रिकाम्या घरांचा उपयोग

चेकर्स हा खेळ बुद्धिबळाप्रमाणेच आठ ओळींच्या पटावर खेळला जातो. परंतु त्यातील सोंगट्या फक्त काळ्या घरांतून तिरप्या चालतात. त्यामुळे ६४ पैकी ३२ घरेच उपयोगात येतात. हा पट संगणकाच्या स्मृतीत कसा मांडावा? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु एक चाल ठरविण्यापूर्वी यंत्राला पुढील हजारो संभाव्य स्थिती तपासाव्या लागतात. एका स्थितीत वाया गेलेला क्षण म्हणूनच हजारपट महाग पडतो.

अमेरिकेतील आर्थर सॅम्युएल यांनी १९५० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीच्या यंत्रांसाठी हा खेळ खेळणारी आज्ञावली रचली. आयबीएम ७०१ ह्या यंत्राच्या मूळ स्मृतीत केवळ २,०४८ शब्द मावत. येथे ‘शब्द’ म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तो ३६ बिटांचा समूह, आणि बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक अंक. सॅम्युएल यांनी प्रत्येक घराला एकेक बिट दिला: सोंगटी असल्यास १, नसल्यास ०. अशा अवघ्या चार शब्दांत दोन्ही पक्षांची संपूर्ण मांडणी सामावली.

आता वाचकांनी कागदावर चार-चार घरांच्या आठ ओळी काढून, एकाआड एक ओळ अर्धे घर सरकवून, त्यांस १ ते ३२ क्रमांक द्यावेत. पहिल्या ओळीतून पुढे जाताना क्रमांकात ४ किंवा ५ मिळवावे लागतात. दुसरीतून मात्र ३ किंवा ४. म्हणजे प्रत्येक सोंगटीची ओळ पाहणे आले. सॅम्युएल यांनी ९, १८ व २७ हे क्रमांक मुद्दाम रिकामे सोडले आणि मोजणी ३५ पर्यंत नेली. त्याबरोबर पुढची प्रत्येक चाल ४ किंवा ५ चीच झाली! पाचव्या घरातून ४ पुढे गेल्यास ९ येतो. ते घर पटावर नाही, अर्थात ती चालही नाही. रिकाम्या जागा अशा रीतीने पटाचे कुंपण बनल्या.

ह्याचा लाभ मोठा आहे. सोंगट्यांचा शब्द चार जागा सरकवावा आणि मोकळ्या घरांच्या शब्दाशी ताडून पाहावा. दोहोंत जेथे १ असेल तेथे चाल शक्य आहे. एकेक सोंगटी न तपासता त्या दिशेच्या साऱ्या चाली एकदम हाती येतात.

बुद्धिबळालाही हेच तत्त्व लागू पडते. ते वापरणाऱ्या सोव्हिएत ‘काइसा’ ह्या आज्ञावलीने १९७४ साली स्टॉकहोम येथे पहिली जागतिक संगणक-बुद्धिबळ स्पर्धा जिंकली. आजच्या संगणकांचा शब्द बहुधा ६४ बिटांचा, म्हणजे नेमका एका पटाएवढा असतो.

स्मृतीची काटकसर म्हणजे प्रत्येक जागा भरणे नव्हे. तीन बिट वाया घालवून सॅम्युएल यांनी असंख्य तपासण्या वाचविल्या. माहिती कशी मांडावी हे ठरविताना, तिला पुढे कोणते प्रश्न विचारले जाणार आहेत हे आधी पाहावे, हाच ह्या उदाहरणाचा बोध होय.